स्कोअर सांगायचा नाही

अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना मी मैदानात बसून पाहिलेला नाही. अमेरिकेचा व्हिसासुद्धा कधी मागितला नाही. तरीही दुबईच्या करामा भागातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत बसून मी अकरा वर्षं हा खेळ असा पाहिला, की कुठल्या खेळाडूचा कुठला गुडघा दुखतो हे मला माझ्या बायकोच्या वाढदिवसापेक्षा नीट आठवायचं. शुभानं हे वाक्य छापायला देण्याआधी वाचलं आहे. तिची हरकत नाही, कारण ते खरं आहे.

माझं काम कॅसेटी उतरवण्याचं. दुकान इस्माईलभाईंचं. ते श्रीवर्धनचे, मी महाडचा, त्यामुळे दुबईत आम्ही जवळजवळ शेजारीच. दुकानाच्या दर्शनी भागात हिंदी सिनेमे आणि मराठी नाटकं, आणि मागच्या खोलीत मी, सात व्हीसीआर आणि एक एसी. तो एसी मशिनं गार राहावीत म्हणून होता. मला थंडी वाजते ही तक्रार इस्माईलभाईंनी अकरा वर्षांत एकदाही मनावर घेतली नाही. म्हणायचे, "स्वेटर घाल. मशिनला स्वेटर घालता येत नाय."

इस्माईलभाईंचा मेव्हणा न्यू जर्सीत होता. तो टीव्हीवरून फुटबॉलचे सामने टेप करायचा आणि दर पंधरा दिवसांनी पार्सलनं पाठवायचा. आमची गिऱ्हाइकं म्हणजे इथल्या बंदरांत, जहाजांच्या गोद्यांत, तेलाच्या कामांवर विखुरलेली अमेरिकन माणसं. अमेरिकेतली टेप इथल्या साध्या टीव्हीवर चालायची नाही. ती बदलून घ्यायची, तिच्या प्रती काढायच्या आणि पोचवायच्या. या धंद्याला परवानगी होती का, असं आताची पोरं विचारतात. तेव्हा कुणी विचारत नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही हे मी इस्माईलभाईंकडूनच शिकलो. बाहेरून आलेल्या टेपा सरकारी तपासणीतून मात्र जायच्या. तिथले एक वयस्कर गृहस्थ चिअरलीडर पोरी दिसल्या की टेप पुढे पळवायचे. करता करता त्यांना खेळाचीच गोडी लागली. पण ते एकेक तुकडाच बघायचे आणि मग मला फोन करायचे, "हबीबी, तो निळ्यावाल्यांचा सामना... कोण जिंकलं?" मी नम्रपणे सांगायचो, माफ करा, ते सांगता येत नाही.

कारण आमच्या धंद्याचा कायदा एकच होता. स्कोअर सांगायचा नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाव फुटबॉल असलं तरी पायाचा संबंध कमी. खरा खेळ जमिनीचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही सरकलात तर चेंडू समोरच्याच्या ताब्यात. शंका आली की बाहेरून माणसं खरोखरची साखळी घेऊन मैदानात येतात आणि मोजतात. आपल्याकडे बांधाचा तंटा झाला की मोजणीदार येतो आणि दोन्ही भाऊबंद तोंडं आवळून उभे राहतात, अगदी तसं. साठ-सत्तर हजार माणसं त्या साखळीकडे बघत गप्प होतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा वाटलं, हा खेळ कोकणातच जन्मायला हवा होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुढे लागणार आहे. या खेळात जी टीम सगळ्यात जास्त हरते तिला पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळते. म्हणजे हरणाऱ्याच्या ताटात पहिला घास. ऐकायला फार दयाळू वाटतं. पण त्यामुळे काय होतं, की हरणाऱ्या टीमची माणसं कधी सुटतच नाहीत. दर वर्षी मार खातात आणि दर वर्षी म्हणतात, नेक्स्ट इयर.

तर स्कोअर. सामना झाल्यापासून आमच्या गिऱ्हाइकाच्या हाती कॅसेट पडेपर्यंत तीन आठवडे जायचे. इंटरनेट नव्हतं, आणि इथल्या वर्तमानपत्रांत क्रिकेट आणि दुसरा, खरा पायाचा फुटबॉल. तीन आठवडे शिळा सामना ताजा समजून बघायचा, हा या लोकांचा सण होता आणि मी त्या सणाचा पुजारी. सामना तीन तासांच्या एका कॅसेटमध्ये जेमतेम बसायचा. बरोबरी होऊन खेळ लांबला तर दुसरी लागायची. म्हणजे दोन कॅसेटी दिसल्या की गिऱ्हाईक ओळखणार. म्हणून मी प्रत्येक सामन्याला दोन द्यायचो आणि दुसरीत उरलेल्या जागेवर कुठला तरी जुना सामना भरायचो. पार्सलमध्ये मेव्हणा कॅसेटींभोवती तिकडची वर्तमानपत्रं चुरगाळून घालायचा, त्यांत निकाल असायचे. ते कागद आधी बाजूला काढायचे, इस्त्री केल्यासारखे हातानं सपाट करायचे, मी एकट्यानं वाचायचे आणि फाडून टाकायचे.

राहिला माझा चेहरा. माणसं कॅसेट घेताना माझ्याकडे टक लावून बघायची. महाडच्या गणेशोत्सवात मी चार वर्षं नाटकांतून कामं केली होती आणि दोनदा प्रेत झालो होतो. तो अनुभव इथे कामी आला. डिलिव्हरी देताना मी प्रेताचा चेहरा करायचो. कधी खोडी काढायची लहर आली तर हळूच उसासा टाकायचो, आणि तो माणूस घरी जाऊन तीन तास धास्तावून बसायचा, आणि त्याची टीम जिंकायची. अशा दिवशी फोन करून तो मला आनंदानं शिव्या द्यायचा.

एक टेक्ससचा ड्रिलर होता, तो आधी शेवटची दहा मिनिटं बघायचा आणि जिंकले असले तरच सुरुवातीपासून लावायचा. एक शाळामास्तरीण फक्त मध्यंतरात वाजणाऱ्या बँडसाठी कॅसेट न्यायची. एकदा मी शहाणपणानं जाहिराती कापल्या, तर चार जणांची तक्रार आली की आमच्या साबणांच्या आणि ट्रकांच्या जाहिराती परत घाला. तेव्हा मला कळलं की आपण या लोकांना खेळ विकत नाही, त्यांचा रविवार विकतो.

वॉल्टर खोर फक्कानच्या बंदरावर होता. कंटेनर उचलणाऱ्या उंच क्रेन असतात, त्यांचा इंजिनियर. त्या गावात तो एकटाच अमेरिकन. त्याला पार्सल पाठवण्याऐवजी मी दर दुसऱ्या शुक्रवारी स्वतःच जायचो. शारजात अल मजाजला आमचं घर, तिथून सकाळी निघायचं, धैदवरून मसाफी, मसाफीच्या बाजारात शुभानं कलिंगड बडवून बघायचं आणि न घेता पुढे निघायचं, डोंगर उतरला की समुद्र. वॉल्टरच्या क्वार्टरच्या व्हरांड्यातून त्याच्या क्रेन दिसायच्या. तो शुभाला काळी कॉफी द्यायचा, ती त्याला थालीपिठं. दोघांनाही दुसऱ्याचा पदार्थ आवडत नव्हता हे मला अलीकडेच कळलं.

वॉल्टर बोलायचा इंग्रजीत, मी इथे मराठीत लिहितो आहे. मला मात्र मोहन न म्हणता "मो" म्हणायचा.

त्याची टीम उत्तरेकडच्या एका थंड, कारखान्यांच्या गावची. नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना अजून दुखतं. माझ्या जन्माआधी ती टीम अजिंक्य होती. मी पाहिली ती अशी हरायची, की कॅसेट उतरवताना मला टेपच खराब आहे का असं वाटायचं. हातातला चेंडू निसटायचा. शेवटच्या मिनिटाला जिंकत आले की स्वतःचाच माणूस घसरायचा. वॉल्टर हे सगळं बघायचा आणि शेवटी टीव्ही बंद करून म्हणायचा, "ठीक आहे. पहिली निवड आपली."

त्या व्हरांड्यातच मला या खेळाचा इतिहास कळला. सुरुवातीला म्हणे पैसे घेऊन खेळणाऱ्या टीमा मोठ्या शहरांच्या नव्हत्याच. छोट्या, गिरण्यांच्या नि पोलादाच्या गावांच्या. आठवडाभर भट्टीवर राबायचं आणि रविवारी शेजारच्या गावाशी चिखलात भिडायचं. मग पैसा आला, मोठी शहरं आली, आणि त्या गावांच्या टीमा एकेक करून बंद पडल्या किंवा कुणीतरी उचलून नेल्या. "आमची उरली," वॉल्टर म्हणायचा. "हरते, पण उरली आहे."

त्याचे वडील ऐंशीच्या घरातले, तिथेच एकटे राहायचे. स्टेडियममध्ये त्यांच्या नावे चाळीस वर्षं दोन खुर्च्या होत्या, कोपऱ्यात, एका जाड खांबाशेजारी. खांबामुळे त्यांना अर्धंच मैदान दिसायचं, उरलेल्या अर्ध्यात काय घडलं ते गर्दीच्या आवाजावरून समजून घ्यायचं. दुसरी खुर्ची वॉल्टरची. तो आखातात आल्यापासून सहा हंगाम ती रिकामी होती. म्हातारा ती कुणाला देत नव्हता. बापलेक दर आठवड्याला फोनवर बोलायचे, आणि वॉल्टर कॅसेटवर सामने बघतो हे माहीत असल्यामुळे म्हातारा फुटबॉलचा शब्द काढायचा नाही. हवापाणी, दाढदुखी, शेजाऱ्याचं कुत्रं. आमचा कायदा त्यांनीही पाळला होता.

त्या वर्षी वॉल्टरला सहा वर्षांत पहिल्यांदा फुटबॉलच्या दिवसांत लांब रजा मिळणार होती. एक तर त्याच डिसेंबरात, नाहीतर पुढच्या ऑक्टोबरात. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ऑफिसला कळवायचं होतं. डिसेंबरात गेला तर हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना वडिलांबरोबर बघता आला असता.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पार्सल आलं. मी कागद सपाट करायला घेतले. दुसऱ्याच कागदावर मोठा मथळा होता. वॉल्टरच्या टीमच्या मालकानं जाहीर केलं होतं की हा हंगाम संपला की टीम दुसऱ्या शहरात जाणार. खेळाडू, नाव, सामानसुमान, सगळं. स्टेडियम पाडणार. खाली एका बाईचा फोटो होता, गळ्यात टीमचा मफलर घालून फाटकाशी उभी असलेली.

मी कागद फाडला नाही. घडी घालून इस्माईलभाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचला, परत दिला आणि म्हणाले, "आपण टेपा विकतो, मोहन. बातम्या नाय. एकाला सांगशील, उद्या दुसरा विचारेल मलापण सांग. मग खलास धंदा."

शुक्रवारी तो कागद खिशात घालूनच निघालो. गाडीत शुभाला सगळं सांगितलं.  त्या दिवशी मसाफीला ती कलिंगड बघायलाही उतरली नाही. म्हणाली, "स्कोअर वेगळा आणि हे वेगळं. कुणाच्या घरी माणूस अत्यवस्थ असेल तर तुम्ही काय तीन आठवडे थांबाल का?" मी म्हटलं, सांगतो, पोचल्या पोचल्या सांगतो. मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

पोचलो तर वॉल्टर भलताच खुशीत. म्हणाला, "डिसेंबरची रजा मी कुट्टीला दिली." कुट्टी म्हणजे त्याचा जोडीदार, केरळचा, डिसेंबरात त्याच्या बहिणीचं लग्न निघालं होतं. "आज संध्याकाळी ऑफिसला कागद देतो. मी पुढच्या ऑक्टोबरात जाईन. थंडीही कमी असते, बाबांना बरं. आणि या वर्षी काय बघायचं, मो? हे वर्ष गेलंच आहे. पुढच्या वर्षी पहिली निवड आपली."

मी त्याच्याकडे बघितलं. प्रेताचा चेहरा करायचा विसरलो असणार. शुभानं मला कोपरानं ढोसलं. मी खिशात हात घातला आणि म्हणालो, "वॉल्टर, एक सांगायचं आहे, तुझ्या टीमबद्दल."

त्यानं दोन्ही तळहात कानांवर दाबले. हसत होता. "नाही. एक अक्षर नाही. तुझ्या तोंडावर दिसतंय काहीतरी. मेलो तरी चालेल, पण कॅसेटवरच मरू दे."

"स्कोअर नाही रे हा."

"काहीही असो. तुझा कायदा आहे ना? मग पाळ."

आणि मी तो पाळला. खिशातून हात बाहेर काढला, रिकामा. कॅसेटी त्याच्या हातात दिल्या. शुभा बोलायला गेली तर मीच तिला डोळ्यांनी दटावलं, हेही लिहायला हवं. वॉल्टरनं थालीपीठ खाल्लं. आम्ही समुद्रावर गेलो, आणि परतीच्या वाटेवर मी तिला समजावत होतो की माणसानं स्वतः नको म्हटल्यावर आपण काय करणार, त्याचा हक्क आहे, शिवाय पुढच्या कॅसेटीत कळेलच. शुभानं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं ना?"

धैदपासून शारजापर्यंत आम्ही रेडिओ ऐकला.

पुढची टेप मी उतरवली तेव्हा समालोचक खेळ सोडून तेवढंच बोलत होते. प्रेक्षकांत माणसं रडत होती. मी नेहमीप्रमाणे दोन कॅसेटी केल्या. या वेळी स्वतः गेलो नाही. सर्दीचं निमित्त करून बंदराकडे जाणाऱ्या एका ड्रायव्हरबरोबर पाठवल्या. माझ्या सगळ्या नोकरीत मला ज्या गोष्टीची लाज वाटते ती ही.

शनिवारी सकाळी दुकान उघडताच फोन वाजला. इस्माईलभाईंनी उचलला आणि माझ्याकडे दिला.

"मो," वॉल्टर म्हणाला, "तुला माहीत होतं."

"हो."

"त्या दिवशी तेच सांगत होतास."

"हो."

त्याच्या मागे बंदराचा आवाज येत होता, क्रेन मागे घेताना वाजतो तो भोंगा. मग तो सावकाश म्हणाला, "गप्प मीच केलं तुला. ते कबूल. पण तू गप्प बसायला फार पटकन तयार झालास."



त्यानं रजेसाठी हातपाय मारले. कुट्टी आधीच गावी गेला होता. कोरियाहून नव्या क्रेनचं जहाज निघालं होतं, ती उभी करायला दुसरा माणूस नव्हता. वॉल्टरनं चार दिवस मागितले. कंपनीनं तीनदा नाही म्हटलं, आणि कंपनीचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. त्यानं वडिलांना फोन केला तेव्हा, हे त्यानं मला पुढे सांगितलं, म्हातारा म्हणाला होता, "मला वाटलं तुला कळलं असेल. मी वाट बघत होतो, तू येतोस म्हणशील म्हणून. मग वाटलं, कामात असेल, कशाला विचारा."

बाप विचारत नव्हता, मुलाला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो धंद्याचा कायदा पाळत होता.

आता मी एक गंमत करतो. अकरा वर्षं स्कोअर लपवला, आज आधीच सांगून टाकतो. वॉल्टर पुढच्या ऑक्टोबरात रजेवर गेला नाही, त्याला जूनमध्येच जावं लागलं. म्हातारा झोपेत गेला होता. वॉल्टर सगळं आटोपून परत आला, आणखी तीन वर्षं खोर फक्कानला राहिला, पण फुटबॉलची कॅसेट त्यानं पुन्हा घेतली नाही. आम्ही मात्र शुक्रवारी जात राहिलो. पुढे घराघरांवर डिश आली, मग इंटरनेट, आणि स्कोअर सामन्याआधीच कळू लागल्यासारखा झाला. दोन वर्षांपूर्वी इस्माईलभाईंनी दुकान एका मोबाइलवाल्याला दिलं आणि सातही व्हीसीआर ते श्रीवर्धनला घेऊन गेले. का नेले ते विचारायचं नाही.

एवढं सांगून झालं. आता त्या जूनआधीच्या जानेवारीतली ती सकाळ.

शेवटच्या सामन्याची टेप आली होती. रिवाजाप्रमाणे मी आधी पूर्ण बघितली. बघून झाल्यावर बदलायला लावणार होतो, हात बटणावर होता. पण टेप बदलताना नि तिची प्रत काढताना चित्र दर वेळी थोडं विरतं. खेळाडू ओळखू येतात, पण गर्दीतले चेहरे जातात. मी बटण दाबलं नाही. वॉल्टरला फोन लावला. म्हटलं, प्रत करत नाही. मूळ टेप इथे आमच्या मशिनवर दिसते. तू ये.

गुरुवारी सकाळी तो आला. करामात तो पहिल्यांदाच येत होता. दुकानात एक बाई लग्नाची कॅसेट परत करत होती, तिच्या मागे हा साडेसहा फुटी माणूस टोपी हातात घेऊन रांगेत उभा राहिला. इस्माईलभाईंनी त्याला बाजूनं आत घेतलं, स्वतः चहा आणून ठेवला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. जाता जाता एसी बंद करू का, असंही विचारलं. अकरा वर्षांत हे एकदाच घडलं.

वॉल्टर माझ्या खुर्चीवर बसला. मी टेपच्या खोक्यावर. तो म्हणाला, "बोल. काय काय आहे ते या वेळी सगळं सांग."

मी सांगितलं. तुम्ही जिंकलात. दहा गुणांनी. तिसऱ्या भागात पाऊस येतो. तो थांबला की कॅमेरा तुझ्या कोपऱ्यावरून जातो, खांबाजवळून, जेमतेम दोन सेकंद. खांबाशेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे आहेत, डोक्यावर कानटोपी. सगळे ओरडत आहेत, ते ओरडत नाहीत, खांबापलीकडे काय चाललंय ते ऐकताहेत. शेजारच्या खुर्चीवर कुणी नाही. कोट ठेवलेला आहे.

"कसला कोट?"

"लाल-काळ्या चौकटींचा. लोकरीचा वाटतो."

त्यानं मान हलवली. "माझा आहे. इकडे येताना ठेवून आलो होतो. इथे काय करायचा होता."

मी टेप लावली. त्यानं पहिला भाग बघितला, दुसरा बघितला, जाहिरातीही बघितल्या. एकदा साखळी आली, मोजलं, आमचा चेंडू चार बोटं पुढे निघाला. मी पटकन टाळी वाजवली आणि ओशाळलो, पण तो हसला. मध्यंतरात बँड वाजला. चहा गार झाला होता, तो त्यानं तसाच प्यायला. मग पाऊस आला. थांबला. कॅमेरा वर उचलला गेला आणि कोपऱ्याकडे वळला. माझा हात आपोआप मशिनकडे गेला. चित्र तिथे थांबवायचं, मागे घ्यायचं, पुन्हा दाखवायचं, वाटेल तितक्या वेळा. तेवढं तरी मला येत होतं.

वॉल्टरनं माझं मनगट धरलं.

"चालू दे," तो म्हणाला.

म्हातारा आला, कोट आला, खांब आला, आणि कॅमेरा पुढे गेला. मैदानावर आमची टीम पुन्हा रांगेत उभी राहत होती. वॉल्टरनं माझं मनगट सोडलं नाही. सामन्याची अजून सतरा मिनिटं बाकी होती, आणि ती आम्ही तशीच बसून पाहिली.